पोथी, फीत आणि तबकडी

पुण्यांतील नळ स्टॉपापासून निघून टेकडीच्या कडेकडेनें जाणारा लॉ कॉलेजचा रस्ता फार लांब नाहीं. सावकाश चालणारा मनुष्यही तो अर्ध्या तासांत पुरा करील. परंतु एवढ्याशा अंतरांत महाराष्ट्राच्या, किंबहुना साऱ्या भारताच्या स्मृतीचीं दोन मोठीं भांडारें उभीं आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत ताडपत्रावर, भूर्जपत्रावर आणि हातकागदावर लिहिलेल्या पोथ्या आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत डब्यांत बंद केलेलीं चित्रपटांचीं रिळें आहेत. त्याच रस्त्यावर, जेथें एके काळीं प्रभात स्टुडिओ गजबजलेला असे तेथें, आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आणि तिच्या फाटकांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या पिशवींत पत्त्यांच्या जोडाएवढी एक काळी डबी असते. त्या डबींत त्याचें वर्षभराचें काम साठविलेलें असतें. तिला तो हार्ड डिस्क म्हणतो.

पोथी, फीत आणि ही तबकडी या तिघी एकाच कुळांतील आहेत. एकदां जें लिहिलें, बोललें किंवा दिसलें, तें पुढच्या माणसाच्या हातीं सुखरूप पोहोंचविणें हें तिघींचेंही काम. आतां ही काळी डबी केवळ विद्यार्थ्यापाशींच राहिलेली नाहीं. पुण्यांतील बहुतेक सुशिक्षित घरांत तिचा प्रवेश झालेला आहे. मुलीच्या लग्नाचें चित्रीकरण, आजोबांचा आवाज, गणपतींतील आरत्या, घराच्या खरेदीखताची छायाप्रत, सारें कांहीं तिच्या पोटांत असतें. म्हणून बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत दुकानदारापुढें उभा राहिलेला गृहस्थ विचारतो, 'यांतली कोणती टिकेल?' प्रश्न अगदीं आजचा वाटतो. वस्तुतः हें शहर तो शेंकडों वर्षें सोडवीत आलेलें आहे; कधीं त्याला उत्तर बरोबर सांपडलें, आणि कधीं चुकीच्या उत्तराची भारी किंमत मोजावी लागली. तो हिशेब डोळ्यांपुढें ठेवला म्हणजे दुकानांतील निवड पुष्कळ सोपी होते.

पोथी उतरविणाऱ्या जुन्या लेखकाला आपल्या साधनाची नाजूक प्रकृति चांगली ठाऊक होती. कित्येक पोथ्यांच्या अखेरीस तो वाचणाऱ्यास विनवितो कीं, हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधूं नका आणि अडाण्याच्या हातीं देऊं नका. हल्लींच्या यंत्रांबरोबर जें सूचनापत्रक येतें, त्याचाच हा पूर्वावतार म्हणावयाचा. परंतु पोथीचें खरें रक्षण या विनवणीनें झालें नाहीं. वाळवी विनवणी ऐकत नाहीं आणि पावसाळाही ऐकत नाहीं. पोथीचें रक्षण झालें तें तिची दुसरी प्रत कोणीतरी, कोठेंतरी, आपल्या गरजेपुरती उतरवून घेतली म्हणून.

याचा सर्वांत मोठा पुरावा याच रस्त्यावर तयार झाला. मुंबई सरकारनें १८६६ पासून चालविलेला हस्तलिखितांचा संग्रह डेक्कन कॉलेजांत होता. १९१७ मध्यें भांडारकर संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षीं तो संग्रह तिच्या स्वाधीन करण्यांत आला. १९१९ मध्यें संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढण्याचें काम अंगावर घेतलें. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर त्या कार्याचे मुख्य संपादक झाले. सुखटणकर १९४३ मध्यें निवर्तले, काम पुढें इतरांनीं चालविलें, आणि १९६६ मध्यें तें पूर्णतेस गेलें. त्यासाठीं १,२५९ हस्तलिखितें पडताळण्यांत आलीं. काश्मीरची शारदा, नेपाळची नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ आणि मल्याळम् इतक्या लिप्यांतील पोथ्या या एका कार्यासाठीं धुंडाळल्या गेल्या.

मूळ ग्रंथकर्त्याच्या हातची प्रत अर्थातच कोठेंही शिल्लक नव्हती. महाभारत वांचलें तें एका अभेद्य पेटींत ठेवलेलें होतें म्हणून नव्हे. काश्मीरांतील पोथी कुजली तरी मलबारांतील शाबूत राहिली, आणि मलबारांतील एखादें पान गळलें तरी तें बंगालच्या पोथींत सांपडलें, म्हणून तें वांचलें. सुखटणकरांच्या पद्धतींतील एक तत्त्व तर आजच्या गृहस्थानेंही ध्यानांत ठेवावें असें आहे. दहा पोथ्या एकाच पोथीवरून उतरविलेल्या असतील, तर त्या दहांची साक्ष एका साक्षीदाराचीच समजावी. परंतु एकमेकींशीं कांहींही संबंध न आलेल्या, दूर दूरच्या दोन पोथ्या एकच पाठ देत असतील, तर त्या पाठावर अधिक विश्वास ठेवावा. संख्येपेक्षां स्वतंत्रपणाला महत्त्व अधिक, हा या पद्धतीचा गाभा होय. तो पुढें पुन्हां उपयोगी पडणार आहे.

सदाशिव पेठेंत हेंच काम निराळ्या रीतीनें चाललें होतें. मराठ्यांच्या इतिहासाचे कागद शतकभर वाड्यांच्या माळ्यांवर, कोनाड्यांत आणि गाठोड्यांत पडून होते. मोडी वाचणारे कमी झाले तशी त्या कागदांना रद्दीची कळा आली. वाई येथें हातीं आलेल्या पत्रांवरून विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढें या मालेचे बावीस खंड निघाले. १९१० मध्यें त्यांनीं आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. इंग्रजांच्या ताब्यांत गेलेल्या पेशवे दफ्तरांतील हजारों रुमालांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून काढले. राजवाड्यांना कागद मिळविण्याची जितकी तळमळ होती, तितकीच ते छापण्याची घाई होती. आणि त्या घाईंत शहाणपण होतें. माळ्यावरचा कागद एकच असतो. तो छापला गेला म्हणजे त्याच्या शेंकडों प्रति शेंकडों घरीं जातात. मग एखाद्या घरीं आग लागली, किंवा वाळवी लागली, तरी मजकूर नाहींसा होत नाहीं.

ज्यांच्या कागदांची दुसरी प्रत नव्हती, त्यांचें काय झालें हें पुण्यानें १२ जुलै १९६१ रोजीं पाहिलें. पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें धरण फुटलें, आणि मुठेच्या कांठच्या पेठांत पाणी शिरलें. जीवितहानि आणि घरांची पडझड यांच्यापुढें कागदांचें दुःख त्या दिवशीं कोणी बोलून दाखविलें नसेल. परंतु ट्रंकेंतील छायाचित्रें, वहीखातीं, जन्मपत्रिका आणि पत्रें यांचा चिखल झाला तो पुन्हां कागद झाला नाहीं. ज्या घरचें एखादें छायाचित्र नागपूरच्या मावशीकडे किंवा इंदूरच्या आत्याकडे गेलेलें होतें, तेवढेंच पुढें त्या घरीं परत येण्यासारखें राहिलें.

आतां फितीकडे वळावें. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्यें कोल्हापुरास निघाली आणि १९३३ मध्यें पुण्यास आली. 'संत तुकाराम' हा तिचा चित्रपट १९३६ चा. दुसऱ्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. चित्र त्यांवर फार सुंदर उमटे, पण हें द्रव्य बंदुकीच्या कापसाचें भावंड होतें. एकदां पेटलें कीं त्याच्याच अंगांतून प्राणवायु सुटतो, आणि म्हणून तें पाण्याखालींही जळत राहतें. १९५० च्या सुमारास त्याची जागा ॲसिटेटच्या 'सुरक्षित' फितीनें घेतली. ही फीत भडकत नाहीं; परंतु उष्ण आणि दमट हवेंत ती हळूहळू आंबते, तिला शिरक्याचा वास येऊं लागतो, ती आक्रसते आणि वेडीवांकडी होते. म्हणजे आगीचें भय गेलें आणि क्षयाचें आलें. चिरंजीव साधन माणसाच्या हातीं आजवर आलेलें नाहीं. प्रत्येक साधन आपला रोग बरोबरच घेऊन येतें.

फितीला आणखी एक शत्रु होता, तो म्हणजे तिच्यांतील रुपें. कृष्णधवल फितींत चांदी असते. चित्रपटाचा धंदा आटोपला म्हणजे कित्येक मालक फिती विकून टाकीत, आणि घेणारे त्या वितळवून चांदी काढीत. भारतांत हजारांहून अधिक मूकपट निघाले. आज त्यांतील पूर्ण आणि अर्धवट मिळून मूठभरच उरले आहेत. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमांत झळकलेला 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज कोठें सांपडत नाहीं. ज्या चित्रपटाच्या तिकिटांसाठीं लोकांनीं दारें मोडावयाचीं बाकी ठेविलीं, त्याचीं छायाचित्रें आणि जाहिराती तेवढ्या आहेत. चित्र नाहीं आणि आवाजही नाहीं.

ही गळती थांबविण्यासाठीं १९६४ मध्यें पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि त्याला पी. के. नायर यांच्यासारखा झपाटलेला माणूस मिळाला. १९९१ मध्यें ते निवृत्त झाले तोंपर्यंत त्यांनीं देशभर हिंडून, वितरकांच्या वखारींत आणि कलावंतांच्या घरीं धुंडाळून हजारों चित्रपट गोळा केले. दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन' या १९१९ च्या चित्रपटाचीं रिळें जुळवून तो पुन्हां पाहण्याजोगा झाला, तो त्यांच्याच खटपटीनें. हा चित्रपट चांगला म्हणून ठेवावा, तो हलका म्हणून टाकावा, असा भेद ते करीत नसत. उद्याच्या अभ्यासकाला कशाची गरज पडेल हें आज ठरविण्याचा अधिकार संग्राहकाला नाहीं, असा त्यांचा बाणा होता. ४ मार्च २०१६ रोजीं पुण्यांतच त्यांचें देहावसान झालें.

पण संग्रह केला म्हणजे रक्षण झालें असें नव्हे, हा कडू धडा ८ जानेवारी २००३ रोजीं मिळाला. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांतील ज्या कोठारांत नायट्रेटच्या फिती होत्या, त्याला आग लागली. प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ नायट्रेट फितींसह शेंकडों चित्रपटांचीं रिळें कांहीं तासांत नष्ट झालीं. जवळजवळ एका वर्षानें, ५ जानेवारी २००४ रोजीं, त्याच रस्त्यावरील भांडारकर संस्थेंत एक जमाव शिरला आणि त्यानें पुस्तकें, हस्तलिखितें व जुन्या वस्तु यांची नासधूस केली. एक आघात रसायनाचा, दुसरा माणसाचा. दोन्ही आघातांनंतर जें उरलें त्याचें कारण मात्र एकच होतें. 'संत तुकाराम' आजही पाहतां येतो, कारण नायट्रेटची फीत जळण्यापूर्वींच त्याच्या दुसऱ्या प्रति सुरक्षित फितीवर काढलेल्या होत्या. महाभारताची चिकित्सक आवृत्ति आजही वाचतां येते, कारण ती छापली जाऊन जगभरच्या ग्रंथालयांत पोहोंचलेली आहे. ज्या वस्तूची प्रत तेवढी एकच होती, तिचा घाव मात्र भरून आला नाहीं.

एवढा इतिहास पाठीशीं घेऊन आतां तबकडीकडे पाहावें. पहिली हार्ड डिस्क अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९५६ च्या सप्टेंबरांत जाहीर केली. तिच्यांत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर फिरत. वजन सुमारें एक टन. आणि एवढ्या सरंजामांत मावत पन्नास लक्ष अक्षरें. आजच्या मोबाइलवर काढलेलें एखादें छायाचित्रही त्यांत जेमतेम बसेल. २००७ मध्यें एक टेराबाइटाची, म्हणजे त्याच्या सुमारें दोन लक्ष पट मोठी, डिस्क बाजारांत आली, आणि त्यानंतर तेवढी डिस्क शर्टाच्या खिशांतही मावूं लागली. तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा पातळ थर असतो. त्यावरून लिहिणारें-वाचणारें टोंक फिरतें, पण टेकत नाहीं. दोहोंमधील अंतर केंसाच्या जाडीच्या हजारांशाहूनही कमी असतें. चालूं असतांना डबी टेबलावरून पडली, तर तें टोंक तबकडीवर आदळतें आणि एका क्षणांत सारें संपतें. जात्यावरचा ओरखडा पिठाला बाधत नाहीं. येथील ओरखडा मात्र लग्नाचें सारें चित्रीकरण गिळून बसतो.

दुसरी जात एसएसडीची. तिच्यांत फिरणारी तबकडी नाहीं, टोंक नाहीं. सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्-भार कोंडून मजकूर ठेवलेला असतो. ती पडली तरी बहुधा कांहीं होत नाहीं, आणि तिचा वेग फिरत्या तबकडीच्या अनेक पट असतो. परंतु तेवढ्याच जागेसाठीं दाम अधिक पडतो. शिवाय वीज न देतां ती वर्षानुवर्षें कपाटांत पडून राहिली, तर कोंडलेला भार हळूहळू झिरपून जाण्याचा संभव असतो. यावरून दोघींचीं कामें आपोआप वांटलीं जातात. चित्रीकरणाची कांटछांट, ध्वनीची जुळणी अशा रोजच्या धांवपळीच्या कामाला एसएसडी घ्यावी. पुरें झालेलें काम सांठवून ठेवण्याला फिरती तबकडी घ्यावी. एक स्वयंपाकघरांतील ओटा आहे, दुसरी धान्याची कोठी आहे. ओट्यावर धान्य सांठवूं नये आणि कोठींत स्वयंपाक करूं नये.

केवढी घ्यावी, हा पुढचा प्रश्न. त्याचें उत्तर त्रैराशिकानें निघतें. आजच्या चांगल्या कॅमेऱ्याचें 'फोर-के' चित्रीकरण सेकंदास शंभर मेगाबिट या मानानें होत असेल, तर तासाला सुमारें पंचेचाळीस गिगाबाइट लागतात. म्हणजे एक टेराबाइटांत सुमारें बावीस तास. लग्नकार्य दोन दिवसांचें असलें आणि कॅमेरे तीन असले, तर ही जागा केव्हांच संपते. ज्या घरीं केवळ छायाचित्रें आणि कागदपत्रें आहेत, तेथें मात्र एकदोन टेराबाइट वर्षानुवर्षें पुरतात. आज आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा घेणें हा सुमार बरा. आणखी एक गोष्ट आधींच ध्यानांत असावी. एक टेराबाइटाची डिस्क संगणकाला जोडली कीं पडद्यावर पुष्कळदां ९३१ गिगाबाइट दिसतात, आणि गिऱ्हाइकाला दुकानदारानें फसविल्यासारखें वाटतें. दुकानदाराचा यांत दोष नाहीं. कारखानदार हजाराच्या पटींत मोजतो आणि तो संगणक १०२४ च्या पटींत मोजतो, एवढाच फरक. मात्र बाजारभावाच्या चतुर्थांशांत मोठी थोरली डिस्क कोणी देऊं लागला, तर तेथें फसवणूक आहे असें खुशाल समजावें. असल्या डबींत खरी जागा थोडी असते आणि संगणकाला तेवढा मोठा आंकडा दाखविण्याची युक्ति केलेली असते.

फिरत्या तबकड्यांतही पोटभेद आहेत. कांहींत मजकुराच्या रेघा कौलांप्रमाणें एकीवर एक चढवून बसविलेल्या असतात. तेवढ्याच जागेंत अधिक मजकूर मावतो आणि वस्तु स्वस्त पडते. परंतु कौलारू छपरांतील मधलें एक कौल बदलावयाचें तर शेजारचीं चार उचलावीं लागतात. तसेंच येथें जुना मजकूर बदलतांना वेळ फार जातो. एकदां भरून ठेवण्याच्या कामीं ही कौलारू डिस्क चालते; रोज लिहिण्या-पुसण्याच्या कामीं ती रडते. लहान, खिशांतली डिस्क संगणकाच्याच तारेंतून वीज घेते. मोठीला स्वतंत्र वीज द्यावी लागते, पण मोठ्या सांठवणीला तीच स्वस्त पडते. घरांत विंडोज आणि मॅक असे दोन्ही संगणक असतील, तर डिस्कची आंतील मांडणी एक्सफॅट या पद्धतीची ठेवावी, म्हणजे दोघांनाही तिच्यावर लिहितां-वाचतां येतें.

परंतु हे सारे बारकावे सांभाळूनही मूळ प्रश्न उरतोच. कोणती टिकेल? याचें प्रामाणिक उत्तर, कोणतीही नाहीं, असें आहे. हजारों डिस्का वापरणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीनें २०१३ पासून आपले आंकडे प्रसिद्ध केले. त्यांवरून वर्षाला शेंकडा एक ते दोन डिस्का बिघडतात असें दिसतें. घरची डबी पिशवींत हिंदकळते आणि टेबलावरून पडते, तेव्हां तिचें आयुष्य त्याहून बरें असण्याचें कारण नाहीं. शंभरांत दोन हें प्रमाण लहान वाटतें. पण ज्याच्या घरची ती दोहोंपैकीं एक, त्याचें नुकसान शंभरांत शंभर असतें. आतां त्याच गृहस्थापाशीं दोन डिस्का असतील, आणि एकीच्या बिघाडाचा दुसरीशीं कांहीं संबंध नसेल, तर एकाच वर्षांत दोन्ही जाण्याचा संभव दहा हजारांत चार एवढाच उरतो. म्हणून ज्या पैशांत एक उंची डिस्क येते, त्या पैशांत दोन साध्या पण खात्रीच्या डिस्का घेणें अधिक शहाणपणाचें होय.

'संबंध नसेल तर' ही अट मात्र विसरूं नये. येथेंच सुखटणकरांचें तत्त्व पुन्हां पुढें येतें. दोन्ही डिस्का एकाच दिवशीं, एकाच दुकानांतून, एकाच घाण्याच्या घेतल्या, एकाच कपाटांत ठेवल्या आणि एकाच वेळीं संगणकाला जोडल्या, तर त्या दोन नव्हेत, एकच आहेत. विजेचा एक झटका, एक चोर, एक पूर, किंवा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा एक लबाड प्रोग्रॅम दोहोंनाही एकदमच गांठील. छायाचित्रें आणि चित्रीकरणें सांभाळणाऱ्यांत एक सुटसुटीत नियम रूढ झाला आहे. प्रति तीन असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी. घराबाहेरची प्रत इंटरनेटवरील भाड्याच्या जागेंत ठेवतां येते, किंवा चिंचवडच्या भावाच्या घरीं ठेवतां येते. काश्मीर आणि मलबार यांच्या पोथ्यांनीं जें काम केलें, तेंच सदाशिव पेठ आणि चिंचवड यांना करावयाचें आहे.

प्रत आहे एवढ्यावरही भागत नाहीं. ती वाचतां येते कीं नाहीं हें पाहावें लागतें. १९९८ मध्यें अमेरिकेंतील पिक्सार कंपनीच्या 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेनें पुसल्या जाऊं लागल्या. बॅकअप होताच, पण उघडून पाहतात तों तो महिनाभर नीट झालेलाच नव्हता, आणि हें कोणाच्या ध्यानांतही आलें नव्हतें. चित्रपट वांचला तो एका निराळ्याच योगानें. एका अधिकारी स्त्रीला मूल झालें असल्यामुळें ती घरून काम करीत होती, आणि तिच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक दुलयांत गुंडाळून मोटारींतून जपून आणण्यांत आला. कोट्यवधींचा कारखाना ज्या प्रतीवर तरला, ती प्रत एका बाळंतिणीच्या घरची होती.

साधन शाबूत असून तें वाचणारें यंत्रच नाहींसें होतें, ही आणखी एक आपत्ति. १९८६ मध्यें इंग्लंडांत बीबीसीनें, नऊशें वर्षांपूर्वींच्या 'डूम्सडे बुक' या नोंदवहीच्या स्मरणार्थ, साऱ्या देशाची नवी नोंद लेझर-तबकड्यांवर केली. पंधराएक वर्षांतच त्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं आणि तज्ज्ञांना मोठ्या खटपटीनें तो मजकूर सोडवावा लागला. १०८६ ची मूळ वही मात्र अजूनही उघडून वाचतां येते. पुण्याच्या घरांत याची साक्ष निराळी शोधावयास नको. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्यें सुरूं झाला. त्याचे आणि तसल्याच मैफलींचे आवाज कोणी स्पूलवर घेतले, मग कॅसेटवर, मग सीडीवर. ज्यांनीं प्रत्येक वेळीं जुन्यावरून नव्यावर उतरवून घेतले, त्यांचे गवई अजून गात आहेत. ज्यांनीं स्पूल जपून ठेवला आणि यंत्र मोडींत दिलें, त्यांच्यापाशीं एक मुका डबा आहे.

अमेरिकेंतील चित्रपट-अकादमीनें २००७ मध्यें एक अहवाल काढला. त्यांत, एक चित्रपट फितीच्या रूपांत जपावयास वर्षाला सुमारें १,०५९ डॉलर लागतात, तर तोच अंकीय रूपांत जपावयास सुमारें १२,५१४ डॉलर लागतात, असा हिशेब होता. कारण उघड आहे. फीत थंड आणि कोरड्या कोठारांत ठेवली म्हणजे ती पुष्कळ वर्षें स्वस्थ राहते. अंकीय मजकूर मात्र सतत तपासावा लागतो आणि दर थोड्या वर्षांनीं नव्या साधनावर उतरवावा लागतो. डिस्कच्या डबीवर पांच वर्षांची हमी छापलेली असली, तरी ती डबीची हमी असते. आंतील आजोबांच्या आवाजाची नसते. डबी मोडली तर कारखानदार नवी डबी देईल, पण ती कोरी असेल.

तेव्हां तपकीर गल्लींतून निघणाऱ्या गृहस्थाच्या हातीं कोणत्या नांवाची डबी आहे याला महत्त्व थोडें. दुसरी कोठें आहे आणि त्या दोघींकडे कोण पाहणार आहे, हें अधिक महत्त्वाचें. डबीवर आंत काय आहे आणि कोणत्या साली घेतली हें लिहिलेलें असावें. ती संगणकांतून काढतांना घाई करूं नये. चारपांच वर्षें झालीं कीं नवी घेऊन जुनीवरचें नवीवर उतरवावें. आणि पासवर्ड घातला असेल तर तो घरांतील दुसऱ्या एका माणसाला ठाऊक असावा, नाहीं तर मालकाबरोबर डिस्कही जाते.

मराठी घरांत दसऱ्याला पोथ्या, हत्यारें आणि वाद्यें पाटावर मांडून त्यांची पूजा करण्याची चाल आहे. त्या निमित्तानें वर्षांतून एकदां तरी पोथीचा रुमाल सुटे, पानांवरची धूळ झटकली जाई, आणि कोणतें पान किडीनें खाल्लें तें दिसे. त्या पाटावर आतां ही काळी डबीही ठेवतां येईल. हळदकुंकू वाहण्यापूर्वीं ती एकदां संगणकाला जोडावी, आंतील चार चित्रें आणि एखादा आवाज उघडून पाहावा, आणि चिंचवडच्या डिस्कशीं तिचा मजकूर पडताळून घ्यावा. एवढें काम दसऱ्याच्या सकाळीं तासाभरांत होतें.